रोमन घरातील वस्तू वाचायच्या कशा : काजळीपासून फलकापर्यंत

संग्रहालयातील रोमन दालनात मातीच्या दिव्यांचे कपाट हमखास असते, आणि बहुतेक प्रेक्षक त्यापुढे अर्धा मिनिटही थांबत नाहीत. पुतळे, नाणी आणि दागिने यांच्यापुढे गर्दी होते. दिवे, किल्ल्या, हाडाच्या सुया, काचेच्या कुप्या आणि फुटकी खापरे यांच्याकडे मात्र जाता जाता नजर टाकली जाते. वास्तविक पुतळा हा कोणीतरी लोकांनी पाहावा म्हणून घडवलेला असतो, तर दिवा कोणीतरी खरोखर लावलेला असतो, आणि तो लावणारा माणूस बहुधा इतिहासात नाव न उरलेलाच असतो. अशा वस्तूंपुढे उभे राहून त्या कोणत्या क्रमाने पाहाव्यात, हे या लेखात सांगितले आहे. लंडन, नेपल्स किंवा रोम येथे जाणाऱ्या वाचकांना तो उपयोगी पडेल; परंतु घरी बसून संग्रहालयांच्या ऑनलाइन सूची चाळणाऱ्यांनाही यातील बराच भाग जसाच्या तसा वापरता येईल.

मी सुचवत असलेला क्रम असा आहे : आधी वस्तू कशाची आहे ते पाहावे, मग ती कशी घडवली आहे, मग तिच्यावर वापराच्या कोणत्या खुणा आहेत, मग तिच्यावर अक्षरे आहेत काय, मग ती कोठे सापडली, आणि सर्वांत शेवटी शेजारचा फलक काय म्हणतो ते वाचावे. फलक आधी वाचला की डोळा फलकाने सांगितले तेवढेच पाहतो आणि पुढे सरकतो.

जाण्यापूर्वीची तयारी

एक छोटी वही, शिसपेन्सिल, पंधरा सेंटिमीटरची पट्टी आणि साधे भिंग एवढे पुरेसे आहे. अनेक संग्रहालयांत पेन वापरू देत नाहीत, पेन्सिल चालते. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा. फ्लॅशमुळे काचेवर चमक येते आणि मातीच्या वस्तूवरील बारीक उंचसखलपणा सपाट दिसू लागतो. त्याऐवजी कपाटातील उजेड ज्या बाजूने पडतो त्याच्या आडव्या दिशेने उभे राहावे, म्हणजे ओरखडे, ठसे आणि सांधे सावलीमुळे स्पष्ट दिसतात. छायाचित्र घेतले तरी वस्तूचे हाताने एक रेखाचित्र काढावे, मग ते कितीही वेडेवाकडे येवो. रेखाटताना डोळ्याला प्रत्येक कड पाहावीच लागते, आणि मूठ तुटलेली आहे की मुळातच नव्हती, हा प्रश्न छायाचित्र घेताना पडत नाही तो रेखाटताना पडतो.

एका भेटीत संपूर्ण दालन पाहण्याचा हट्ट धरू नये. पाच वस्तू नीट पाहून झाल्या तरी तो दिवस कारणी लागला असे समजावे.

पहिली पायरी : वस्तू कशाची आहे

या पायरीला फार वेळ लागत नाही, पण ती वगळू नये. रोमन घरातील बहुतेक वस्तू भाजलेली माती, कांसे, लोखंड, काच, हाड आणि लाकूड यांच्या असत. यांपैकी माती आणि काच सहज टिकतात, कांस्यावर हिरवट थर चढतो, लोखंड गंजून फुगते आणि ओळखू येईनासे होते, तर लाकूड, चामडे व कापड क्वचितच उरते. त्यामुळे कपाटात जे दिसते ते रोमन घराचे प्रामाणिक चित्र नसते. ते टिकाऊ वस्तूंकडे झुकलेले असते. लाकूड टिकण्यासाठी विशेष परिस्थिती लागते. इ.स. 79 मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात इटलीतील हर्क्युलेनियम या गावावर आलेल्या तप्त लोटाने लाकडाचा कोळसा झाला, आणि म्हणूनच तेथे लाकडी पलंग, मेजे आणि एक पाळणासुद्धा मिळाला. उत्तर इंग्लंडमधील विंडोलँडा या रोमन लष्करी ठाण्यात ओल्या, हवाबंद चिखलामुळे चामड्याचे हजारो जोडे शिल्लक राहिले आहेत, ज्यांत लहान मुलांचेही आहेत.

काच पाहताना तिचा रंग पाहावा. साधी रोमन काच फिकट निळसर-हिरवी असते, कारण वाळूतील लोह तिला तो रंग देते. बिनरंगी काच मिळवण्यासाठी मुद्दाम दुसरी द्रव्ये घालावी लागत. पृष्ठभागावरची इंद्रधनुष्यी झाक मात्र कारागिराची नव्हे. जमिनीत शतकानुशतके पडून काचेचे पापुद्रे सुटू लागले की ती येते, आणि ती सुंदर दिसत असली तरी खरे तर तो ऱ्हासच असतो.

दुसरी पायरी : ती घडवली कशी

घडणीच्या खुणा शोधणे म्हणजे कारागिराचा हात शोधणे. मातीचे भांडे चाकावर केले असेल तर आतल्या बाजूस बोटांच्या गोल रेषा दिसतात. साच्यात केले असेल तर दोन अर्ध्या भागांचा सांधा बाजूने धावताना दिसतो. काचेची कुपी फुंकून केलेली असेल तर तळाशी बरेचदा एक खरखरीत गोल डाग असतो, जेथे ती तात्पुरती लोखंडी सळईला चिकटवलेली होती. काच फुंकण्याची युक्ती इ.स. पूर्व पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर निघाली आणि तिने काचेचे मोल उतरवले. भूगोलकार स्त्राबो लिहितो, की रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळत असे. म्हणून कपाटातील काचेची कुपी पाहून ‘श्रीमंताघरची’ असा निष्कर्ष झटकन काढू नये.

तांबड्या, चकचकीत भांड्यांकडे या पायरीवर विशेष लक्ष द्यावे. इटलीतील अरेझो येथे इ.स. पूर्व पहिल्या शतकाच्या उत्तरार्धापासून आणि पुढे दक्षिण गॉलमधील (म्हणजे आजच्या फ्रान्समधील) ला ग्रॉफसांक येथे अशी भांडी अफाट प्रमाणावर तयार होत. ला ग्रॉफसांकच्या कुंभारांनी बशांच्या तळावर खरडून ठेवलेल्या हिशेबांवरून एका भट्टीत एकाच वेळी सुमारे 30,000 भांडी लावली जात असल्याचे दिसते. ज्यांची भांडी त्या सामाईक भट्टीत भाजली जात, त्या कुंभारांची नावे आणि नगसंख्या त्या बशांवर आहेत. यंत्राशिवाय कारखाना कसा चालतो, हे समजून घ्यायचे असेल तर याहून चांगले कागदपत्र मला ठाऊक नाही.

तिसरी पायरी : वापराच्या खुणा, आणि दिव्यापुढे थोडा वेळ

ही माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. आकार सांगतो की वस्तू कशासाठी केली होती; झीज सांगते की तिचे खरोखर काय झाले. नमुन्यासाठी मातीचा दिवा घ्यावा, कारण तो जवळजवळ प्रत्येक रोमन संग्रहात असतो.

रोमन दिवा साधारण तळहाताएवढा, दहाएक सेंटिमीटर लांबीचा असतो. आपली पणती उघडी असते. हा दिवा वरून झाकलेला असतो. मधोमध किंचित खोलगट चकती असते, तिच्यात तेल ओतण्याचे भोक असते, पुढे वातीची चोच असते आणि मागे बहुतेक वेळा बोट अडकवण्याची कडी असते. चकतीवर ग्लॅडिएटर, देवता, प्राणी किंवा नुसते फूल कोरलेले असते. आता पुढील गोष्टी या क्रमाने पाहाव्यात.

आधी चोच पाहावी. तिच्या कडेला काळा डाग असेल तर दिवा पेटवलेला होता. डाग अजिबात नसेल, तर तो थडग्यात मृतासोबत नवाच ठेवलेला असू शकतो, देवळात वाहिलेला असू शकतो किंवा विकलाच गेला नसेल. अर्थात मागील शतकांत कोणा संग्राहकाने तो घासून स्वच्छ केला असण्याचीही शक्यता असते. मग चकतीवरील चित्राच्या कडा पाहाव्यात. त्या ठसठशीत असतील तर साचा ताजा होता. चित्र पुसट असेल तर दोन कारणे संभवतात. एक तर साचा झिजलेला होता, किंवा कोणी दुसऱ्याच्या तयार दिव्यावरूनच साचा काढून नक्कल केली होती. नक्कल ओळखण्याची खूण अशी, की माती भाजताना आक्रसते, त्यामुळे प्रत्येक नकलेगणिक दिवा थोडा लहान होत जातो. एकाच चित्राचे दोन दिवे शेजारी ठेवलेले असतील आणि त्यांतला धाकटा अधिक पुसट असेल, तर तो थोरल्याचा वंशज असण्याचा चांगलाच संभव आहे.

नंतर शक्य असल्यास तळ पाहावा. काही संग्रहालये त्यासाठी खाली आरसा ठेवतात, आणि ऑनलाइन सूचीत तळाचे छायाचित्र बरेचदा असते. तळावर FORTIS हे नाव रोमन अक्षरांत उठवलेले दिसले, तर आपण त्या काळच्या अत्यंत गाजलेल्या व्यापारी छापापुढे उभे आहोत. हे दिवे मूळचे उत्तर इटलीतील मोदेना परिसरातले. पण त्यांना इतकी मागणी होती की साम्राज्याच्या अनेक प्रांतांत त्यांच्या नकला नावासकट निघत राहिल्या. त्यामुळे तळावर फोर्तिस असे नाव असले म्हणून दिवा मोदेनाचा ठरत नाही. मातीचा रंग आणि पोत यांवरूनच ते ठरवावे लागते.

काजळीचा भाग प्रत्यक्ष कळावा म्हणून घरी एक सोपा प्रयोग करता येतो. दोन नव्या पणत्या घ्याव्यात, एकीत ऑलिव्ह तेल आणि दुसरीत तिळाचे तेल घालावे, सारख्याच सुती वाती लावून त्या बिनवाऱ्याच्या जागी काही तास जळू द्याव्यात आणि जवळच बसून राहावे. वात चोचीच्या किती बाहेर काढली आहे यावर काजळीचे प्रमाण अवलंबून असते, आणि तेल वातीवाटे बाहेर झिरपून खालच्या भागावर तेलकट डाग पडतो. हे एकदा पाहिले की संग्रहालयातील दिव्याच्या पोटावरचा गडद पट्टा नजरेतून सुटत नाही. भूमध्य प्रदेशात दिव्यांना मुख्यतः ऑलिव्ह तेल वापरत. ब्रिटनसारख्या उत्तरेच्या प्रांतात ते दुरून आणावे लागे, म्हणून तेथे मातीचे दिवे तुलनेने कमी सापडतात.

हीच नजर इतर वस्तूंकडे वळवावी. तांबड्या बशीच्या तळकड्याची झीज पाहावी, तिच्या तळाला धारदार टोकाने कोरलेले मालकाचे नाव आहे काय ते पाहावे, आणि फुटल्यावर शिशाच्या टाचांनी सांधली आहे काय तेही पाहावे. ब्रिटनमध्ये अशा सांधलेल्या बशा वारंवार मिळतात, आणि एवढ्या ढिगाने तयार होणारे भांडेही दूरच्या प्रांतात कोणी सांभाळून ठेवत होते हे त्यावरून कळते. स्नानगृहात अंगावरचे तेल आणि मळ निपटण्यासाठी वापरण्याची वाकडी पन्हळीदार धातूची पट्टी दिसली तर तिच्या धारेकडे पाहावे. फासे दिसले तर ते समचौरस आहेत काय ते पाहावे. पुष्कळ रोमन फासे उघड उघड लांबट असतात, आणि तरीही त्यांवर खेळ चालत असे.

झीज नसणे हीसुद्धा माहितीच असते. व्हेसूव्हियसच्या त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई येथे 1881 मध्ये एक पेटी सापडली, जिच्यात दक्षिण गॉलमधून आलेले 90 नक्षीदार वाडगे आणि तीसहून अधिक दिवे होते. एकही वापरलेला नव्हता. माल येऊन पडला होता आणि पेटी रिकामी होण्यापूर्वीच ज्वालामुखी फुटला. इटलीतील गावात गॉलची भांडी विकायला येत होती, म्हणजे अरेझोच्या कुंभारांचा बाजार त्यांच्याच अंगणात हातचा जात होता, हे त्या कोऱ्या वाडग्यांवरून समजते.

अँफोरा : भांडे नव्हे, डबा

दोन कानांचा, टोकदार तळाचा उंच कुंभ म्हणजे अँफोरा. तो घरातले शोभेचे भांडे नव्हता. तो मालवाहतुकीचा डबा होता, आणि त्याच दृष्टीने पाहावा. टोकदार तळामुळे जहाजात एका थराच्या खांद्यांमध्ये दुसरा थर बसतो, आणि ओतताना तळाचे टोक तिसऱ्या मुठीसारखे धरता येते. आत डोकावता आले तर काळ्या राळेचा थर आहे काय ते पाहावे. मद्याच्या कुंभांना आतून राळ लावत, तेलाच्या कुंभांना सहसा लावत नसत.

आकारांचे वर्गीकरण हाइनरिख ड्रेसेल या जर्मन विद्वानाने 1899 मध्ये केले आणि आजही फलकांवर ‘ड्रेसेल 1’, ‘ड्रेसेल 20’ असे क्रमांक दिसतात. सगळे क्रमांक पाठ करण्याची गरज नाही. सुरुवातीला दोन ओळखता आले तरी पुष्कळ. उंच, सडपातळ, जाड भिंतीचा ड्रेसेल 1 हा इटलीच्या मद्याचा. त्यात साधारण 25 लिटर मद्य मावे आणि रिकाम्या कुंभाचे वजनही जवळपास तेवढेच किलो भरे, म्हणजे जहाजाचे अर्धे ओझे मातीचेच असे. ड्रेसेल 20 हा गोल पोटाचा कुंभ दक्षिण स्पेनच्या ऑलिव्ह तेलाचा. त्यात सुमारे 70 लिटर तेल असे आणि रिकामा कुंभ सुमारे 30 किलोचा असे.

हेच ड्रेसेल 20 फोडून टाकल्याने रोममध्ये मोन्ते तेस्ताच्चो ही टेकडी तयार झाली. ती सुमारे 35 मीटर उंच आहे आणि संपूर्णपणे खापरांची आहे. तेल मुरलेले खापर खवट होते आणि कुंभ पुन्हा वापरता येत नाही, म्हणून ते पद्धतशीर रचून टाकले जात आणि वास मारण्यासाठी वर चुना पसरला जाई. या खापरांवर शाईने लिहिलेल्या नोंदी आहेत : रिकाम्या कुंभाचे वजन, आतल्या तेलाचे वजन, व्यापाऱ्याचे नाव, तपासनिसाची नोंद आणि वर्ष. संग्रहालयात अँफोराच्या खांद्यावर किंवा मानेवर फिकट काळ्या-तांबड्या रेघा दिसल्या तर त्यांना डाग समजून पुढे जाऊ नये. कुंभाच्या कानावर ठसा असेल तर तो वेगळा. तो माती ओली असताना उठवलेला असतो आणि कुंभ करणाऱ्या भट्टीशी संबंधित असतो, आतल्या मालाशी नव्हे. या दोन्हींची गल्लत पुष्कळ जण करतात.

चौथी पायरी : अक्षरे, आणि घरी करून पाहण्याची मेणपाटी

रोजच्या लेखनासाठी रोमन लोक मेणपाटी वापरत. लाकडी फळीच्या मध्यभागी उथळ खळगा करून त्यात काळसर मेण भरायचे आणि लोखंडी किंवा कांस्याच्या लेखणीने त्यावर ओरखडायचे, अशी ती रीत होती. लेखणीचे एक टोक अणकुचीदार आणि दुसरे चपटे असते. चपट्या टोकाने मेण सारखे करून मजकूर पुसता येतो. संग्रहालयात पाटीवरील मेण बहुतेक वेळा उरलेले नसते, पण लेखणी जोराने दाबली गेली असेल तर तिचा ओरखडा खालच्या लाकडावर राहतो. लंडनमध्ये ब्लूमबर्ग कंपनीच्या इमारतीसाठी 2010 ते 2014 या काळात झालेल्या उत्खननात अशा 405 पाट्या मिळाल्या. प्राचीन लेखांचे अभ्यासक रॉजर टॉमलिन यांनी त्यांतील ओरखडे वाचले तेव्हा एका पाटीवर इ.स. 57 मधील 8 जानेवारी ही तारीख निघाली. तिबुल्लुस नावाच्या मुक्त केलेल्या गुलामाने ग्रातुस नावाच्या दुसऱ्या मुक्त गुलामाला 105 दिनार देणे असल्याचा तो कर्जरोखा आहे. रोमनांविरुद्ध उठलेल्या बूदिका या ब्रिटनमधील राणीच्या बंडात हे शहर जळाले त्याच्या थोडे आधीचा हा व्यवहार. लंडनमधील मराठी वाचकांनी त्याच जागी असलेले मिथ्रस या देवाचे रोमन मंदिर आणि तेथे मांडलेल्या वस्तू अवश्य पाहाव्यात.

विंडोलँडाच्या पाट्या याहून वेगळ्या आहेत. त्या एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या लाकडी पापुद्र्यांच्या असून त्यांवर शाईने लिहिले आहे. पहिल्या पाट्या 1973 मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना मिळाल्या. विंडोलँडाच्याच एका पाटीत क्लाउडिया सेवेरा ही सेनाधिकाऱ्याची पत्नी सुल्पिकिया लेपिदिना या मैत्रिणीला 11 सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाला बोलावते आहे. मुख्य मजकूर लेखनिकाच्या नीटस अक्षरांत आहे, आणि खाली उजव्या कोपऱ्यात वेगळ्या, जराशा अडखळत्या अक्षरांत सेवेराने स्वतः निरोपाच्या ओळी लिहिल्या आहेत. लॅटिन येत नसले तरी हस्ताक्षर बदललेले कोणालाही दिसते. इ.स. 100 च्या सुमाराची ही पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

मेणपाटी घरी करणे अवघड नाही, आणि केल्याशिवाय तिचे मर्म कळत नाही. सुमारे 14 बाय 11 सेंटिमीटरची प्लायवुडची फळी घ्यावी आणि तिच्या चारी कडांना एक सेंटिमीटर रुंदीच्या व दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या फेविकॉलने चिकटवाव्यात, म्हणजे मध्ये उथळ चौकट तयार होते. फळी रात्रभर वाळू द्यावी. पंचवीस-तीस ग्रॅम मधमाशांचे शुद्ध मेण किसून स्टीलच्या वाटीत घ्यावे आणि ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण वितळवावे. वाटी थेट गॅसवर कधीही ठेवू नये, कारण मेण पेट घेते. मधमाशांचे मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे उकळते पाणी पुरेसे आहे. त्यात चिमूट-दोन चिमूट काजळी मिसळून ढवळावे. वरच्या दिव्यांच्या प्रयोगात पणतीवर उलटी धरलेली ताटली ठेवली असेल तर काजळी घरचीच मिळते. फळी उन्हात किंचित कोमट करून सपाट जागी ठेवावी आणि मेण एका कोपऱ्यातून सलग ओतावे. थांबत थांबत ओतल्यास थर सुटतात. चौकट काठोकाठ भरू नये, मेण कडेपेक्षा थोडे खाली राहिले पाहिजे, म्हणजे दोन पाट्या समोरासमोर मिटल्यावर मजकूर घासला जात नाही. निवल्यावर विणकामाच्या सुईने लिहावे आणि पुसण्यासाठी चमच्याची पाठ गरम पाण्यात बुडवून, पुसून, हलक्या हाताने फिरवावी.

लिहू लागल्यावर पहिल्या ओळीतच लक्षात येते की सरळ रेघ सहज उमटते, पण गोलाई घेताना मेण पुढे सरकते आणि कडेला चुरा साचतो. देवनागरीतला ‘ळ’ या पाटीवर अगदी नकोसा होतो. त्या काळच्या रोमन घाईच्या लिपीत E हे अक्षर दोन उभ्या रेघांनी आणि M चार रेघांनी का लिहीत, याचे उत्तर त्या चुऱ्यात आहे.

वजने, पैसा आणि किल्ल्या

या वस्तू थोडक्यात आटोपता येतात. तराजू बहुधा एका दांडीचा असतो, ज्याच्या लांब बाजूवर सरकते वजन असते. दांडीवर खाचा आणि अंक असतात, आणि ती उलटी करून दुसऱ्या हुकाने टांगली की दुसरे माप लागू होते. रोमन पौंड सुमारे 327 ग्रॅमचा असून त्याचे 12 भाग असत. नाण्यांचे गणित लक्षात ठेवावे : एका दिनाराचे चार सेस्तेर्स, एका सेस्तेर्सचे चार आस. पाँपेईतील एका मद्यगृहाच्या भिंतीवरील लेखात हेदोने नावाची बाई सांगते, की एका आसला येथे मद्य मिळते, दोन दिलेत तर चांगले, आणि चार दिलेत तर फालेर्नियन हे नावाजलेले मद्य. किल्ल्यांमध्ये बोटात अंगठीसारख्या घालण्याच्या छोट्या कांस्य किल्ल्या मुद्दाम शोधाव्यात. रोमन पोशाखाला खिसे नव्हते, हे त्या पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

पाचवी पायरी : सापडली कोठे

वस्तूचे अर्धे मोल तिच्या जागेत असते. फलकावर ‘पाँपेई येथील उत्खननातून’ असे असणे आणि ‘पाँपेई येथील असल्याचे सांगितले जाते’ असे असणे, यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात ती माहिती विक्रेत्याची असू शकते. ब्रिटिश म्युझियमच्या वस्तूंवरील नोंदणी क्रमांकाचा पहिला आकडा बहुधा वस्तू संग्रहात आल्याचे वर्ष असते, म्हणून 1756 किंवा 1856 ने सुरू होणारा क्रमांक दिसला की ती कोणा जुन्या संग्राहकाकडून आली असण्याचा संभव ध्यानात घ्यावा. याउलट इंग्लंड-वेल्समध्ये सामान्य लोकांना सापडलेल्या वस्तूंची पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम ही योजना 1997 पासून नोंद करते आणि तिची सूची कोणालाही मोफत पाहता येते. कपड्याला लावण्याच्या रोमन टाचण्या शिकायच्या असतील तर मी तिलाच पहिली पसंती देईन.

महाराष्ट्रातही रोमन जगाशी संबंधित वस्तू आहेत, आणि तेथे ही पायरी फार काटेकोरपणे पाळावी लागते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेल्या कांस्य वस्तूंच्या साठ्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहान मूर्ती आणि भांडी होती. तेथे 1945-46 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले. हा साठा कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाशी निगडित आहे. तेर येथे रोमन नाण्यांवरून मातीत काढलेली, गळ्यात घालण्यासाठी भोक असलेली पदके मिळाली आहेत. म्हणजे रोमन नाणे येथे पैसा म्हणूनच नव्हे, तर दागिन्याचा नमुना म्हणूनही पाहिले गेले.

अँफोराच्या बाबतीत तर मोठी दुरुस्ती करावी लागली. भारतातील अनेक स्थळांवर ‘रोमन अँफोरा’ म्हणून नोंदलेली खापरे रोमन भांड्यांच्या अभ्यासक रॉबर्टा टॉम्बर यांनी पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतील बरीच मेसोपोटेमियाकडून आलेल्या, आतून डांबर लावलेल्या लांबट रांजणांची निघाली. त्या रांजणांना कान नसतात. अँफोराचा कान किंवा कानाचा बुंधा दिसला, अथवा मातीत इटलीतील कांपानियाची काळी चमकदार ज्वालामुखी वाळू दिसली, तर गोष्ट वेगळी. नुसत्या आतल्या काळ्या थरावरून रोम गाठू नये.

उलट दिशेचा पुरावाही आहे. 1938 मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना पाँपेईतील एका घरात सुमारे 24 सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ‘पाँपेईची लक्ष्मी’ या नावाने ती प्रसिद्ध झाली, परंतु तिच्या डोक्यावर उभे भोक आहे, त्यावरून ती एखाद्या मेजाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी असे मानले जाते. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत, आणि तिच्या तळाला खरोष्ठी या प्राचीन वायव्य भारतीय लिपीतील अक्षर कोरलेले आहे. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिच्यापुढे उभे राहिल्यावर चेहऱ्याआधी ते भोक पाहावे.

सहावी पायरी : फलक

आता फलक वाचावा आणि आपल्या नोंदींशी ताडून पाहावा. फलकावरील ‘धार्मिक विधीसाठी’ हे शब्द सावधपणे घ्यावेत, कारण उपयोग ठाऊक नसला की ते पुष्कळदा वापरले जातात. कांस्याच्या पोकळ द्वादशफलकांचे उदाहरण बोलके आहे. बारा बाजू, प्रत्येक बाजूला वेगवेगळ्या व्यासाचे भोक आणि कोपऱ्यांवर वीस गोळ्या अशा शंभराहून अधिक वस्तू साम्राज्याच्या वायव्य प्रांतांत सापडल्या आहेत, इटलीत मात्र एकही नाही, आणि कोणत्याही रोमन लेखकाने त्यांचा उल्लेख केलेला नाही. त्या हातमोजे विणण्यासाठी होत्या असे इंटरनेटवर ठामपणे सांगितले जाते. पण तशी विणकामाची रीत त्या काळी प्रचारात असल्याचा पुरावा नाही आणि धाग्याने पडणारी झीजही त्यांवर आढळत नाही. तिसरी पायरी पाळली की असे दावे आपोआप गळतात. शौचालयातील काठीला लावलेल्या स्पंजाबद्दलही तसेच आहे : रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने त्याचा उल्लेख केला आहे, परंतु तो अंग पुसण्यासाठी होता की जागा घासण्याचा कुंचा होता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि फलकावर मात्र बहुधा पहिलेच उत्तर निश्चित म्हणून छापलेले असते.

विकत घेण्याचा मोह

दिवे आणि काचेच्या कुप्या ऑनलाइन लिलावांत तुलनेने स्वस्तात दिसतात, म्हणून हे सांगणे आवश्यक वाटते. त्या घेऊ नयेत. उत्खननाच्या जागेची नोंद नसलेली वस्तू चोरून खणलेली असण्याची शक्यता असते, आणि तशी खणताना तिच्या आसपासचे सारे पुरावे नष्ट झालेले असतात. शिवाय दिव्यांच्या नकला शेकडो वर्षे होत आल्या आहेत आणि छायाचित्रावरून त्या ओळखणे तज्ज्ञालाही जड जाते. भारतात 1972 च्या पुरावशेष आणि कलासंपदा अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो आणि विहित प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते. वापरून पाहण्यासाठी दिवा हवाच असेल तर संग्रहालयाच्या दुकानातील नवी प्रतिकृती घ्यावी. ती बिनधास्त पेटवता येते, आणि काही दिवसांनी तिच्या चोचीवर काजळी कशी चढत जाते याची नोंद वहीत करता येते.